तीन वर्षं पाच महिने

आमच्या केंद्रात पहिल्यांदा येणारं जोडपं वरवर बरंच काही विचारतं. पपई चालते का, जिना चढला तर चालतं का, गाडीवरून यायचं की रिक्षाने. पण पोटातला प्रश्न एकच असतो. किती दिवस लागतील? मिरजेतल्या या केंद्रात नोंदणीच्या टेबलावर मी पंधरा वर्षं बसते आहे. केंद्राचं नाव सांगत नाही, असल्या जागांची नावं कोंब, फुटवा, पालवी यांतलीच असतात, त्यातलंच एक धरा.

पूर्वी या प्रश्नाला आम्ही ठरलेलं उत्तर द्यायचो. दहा-बारा दिवस इंजेक्शनं. मग स्त्रीबीजं काढायची. प्रयोगशाळेत पाच दिवस भ्रूण वाढवायचे, मग ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात ठेवायचा, आणि चौदा दिवस वाट बघून रक्ताचा रिपोर्ट. समोरच्यांचे चेहरे उजळायचे. "म्हणजे दीडच महिना की!" मग मी सांगायची, हा एका सायकलचा हिशोब झाला. आणि सायकली किती लागतील? ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर सांगायच्या टक्के. पस्तिशीच्या बाईला एका सायकलला तीस टक्के. आता तीस टक्के मूल म्हणजे काय हो? डोकं आणि एक हात? माणसाला टक्के कळत नाहीत. माणसाला तारीख कळते.

म्हणून 'अवधी' आला तेव्हा आम्हाला देव भेटल्यासारखं झालं.

अवधी हे यंत्र दिसायला अगदीच किरकोळ, मिक्सरएवढा डबा. बाईचं रक्त, स्त्रीबीजाच्या आसपासचा थेंबभर द्रव आणि नवऱ्याचा नमुना त्यात ठेवायचा. खरी करामत आतल्या शिकवलेल्या मेंदूत. राज्यभरातल्या लाखो जोडप्यांच्या नोंदी त्याने वाचल्या होत्या. कोणाचं रक्त कसं होतं, कोणाचा भ्रूण कितव्या तासाला दुभंगला, कोणाला कितव्या महिन्यात मूल राहिलं. समोरच्या जोडप्यासारखी जुनी जोडपी तो हुडकायचा आणि वर्षं-महिन्यांत आकडा द्यायचा. नव्वद टक्के खात्रीचा. लोक त्या नव्वदवर बोट ठेवून घरी जायचे.

आकडा एकदाच काढायचा, हा आमच्या गोसावी मॅडमचा नियम. डॉ. हेमलता गोसावी, केंद्र त्यांचंच. सारखा सारखा काढला तर माणसं वेडी होतील, असं त्यांचं म्हणणं. एक चिठ्ठी मिळायची, छापील. माझं वय छत्तीस असताना मलाही मिळाली. हो, मीही त्याच रांगेतली. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला मूल होत नाही, यावर किती जणींनी मान वळवून हसून घेतलं असेल ते मला विचारू नका.

माझ्या चिठ्ठीवर होतं, तीन वर्षं पाच महिने.

सुदर्शनने, माझ्या नवऱ्याने, ती चिठ्ठी लॅमिनेट करून आणली. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर तो व्यवस्थापक आहे. कोणता माल किती महिने टिकणार ते दारावर लिहून ठेवायची त्याला सवयच. कपाटाच्या आतल्या बाजूला त्याने ती चिठ्ठी चिकटवली आणि शेजारी महिन्यांच्या एक्केचाळीस चौकटी आखल्या. दर महिन्याला एक खोडायचा. मी वैतागून म्हणायची, तुरुंगात आहोत का आपण? तो म्हणायचा, तुरुंगातला सुटतोच की तारखेला.

आणि खरं सांगते, सुरुवातीला सुख लागलं. माझ्या सासूबाई, आक्का, पूर्वी मला बारशाला न्यायला कचरायच्या. कोणी ओटी भरायला मागेपुढे बघितलं तर त्यांनाच लागायचं. आकडा मिळाल्यावर त्या ताठ झाल्या. जयसिंगपूरला भाचीच्या बारशाला मला पुढे घालून घेऊन गेल्या आणि बायकांना सांगत सुटल्या, आमच्या पद्मजाला दोन वर्षं अकरा महिने राहिलेत. जशी काही मी परगावाहून निघालेली गाडी. बायकाही मानायला लागल्या. "तुमचा किती आलाय?" हा प्रश्न तोवर सगळ्या जिल्ह्यात रुळला होता. दीड वर्ष आलेली बाई सहा वर्षं आलेलीकडे कशी बघायची, ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय.

सायकलमागून सायकल होत होती. पहिली फसली. दुसरी फसली. तिसरीत सात आठवडे राहिलं आणि गेलं. त्या दिवशी मी बाथरूमच्या फरशीवर बसून रडले, आणि सुदर्शन दाराबाहेरून म्हणाला, अजून वेळ आहे, पद्मजा, अजून वर्ष-दीड वर्ष आहे. त्याला वाटलं, तो धीर देतोय. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

मग तो फोन आला.

आकडा मिळण्याआधी, कधीतरी जिवावर येऊन, आम्ही दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं होतं. विसरूनही गेलो होतो. आमचा नंबर लागला. मुलगी, नुकतीच दोन वर्षांची. तीन फोटो आणि एक व्हिडिओ. व्हिडिओत ती एका पालथ्या पातेल्यावर उभी राहायची, धपकन बसायची आणि परत उभी राहायची. अठ्ठेचाळीस तासांत हो किंवा नाही कळवायचं होतं.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. सुदर्शन चौकटी मोजत होता. चौदा राहिल्या होत्या. त्याचं म्हणणं मुळीच दुष्ट नव्हतं. चौदा महिन्यांत आपलं येणार. या पोरीला आणायचं, तिला जरा कुठे ओळख लागणार आणि तेवढ्यात घरात बाळ. दोन्ही लेकरांवर अन्याय. तिला असं घर मिळावं, जिथे ती एकटी असेल. आक्काही तेच म्हणाल्या. आणि मी? मी काय म्हणाले ते कोणालाच आठवायचं कारण नाही, कारण मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर बसून, समोर जोडपं असताना, मी मोबाईलवर 'नाही' दाबलं. नंतर नियमाप्रमाणे आमचं नाव यादीच्या तळाशी गेलं, आणि वयाची मर्यादा धरली तर तिथून वर यायची शक्यता संपली.

अकरा महिने गेले. आणखी दोन सायकली फसल्या. चौकटी तीन उरल्या आणि गोठवलेला भ्रूण एक.

त्याच सुमारास अवधीची नवी आवृत्ती येणार होती, आणि त्यासाठी सगळ्या जुन्या फायली तपासून पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे फाईल बंद होत नाही, हे आधी सांगायला हवं. घरात आपण दिवा विझवला म्हणत नाही, शांत केला म्हणतो. दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. मॅडमही तसल्याच. मूल मागायला आलेल्या माणसाच्या फाईलवर 'बंद' हा शब्द पडायचा नाही. उपचार सोडून गेलेल्या जोडप्याच्या फाईलवर आम्ही 'विश्रांती' लिहायचो आणि ती मागच्या कपाटात ठेवायचो. मला ही पद्धत फार आवडायची. मी नव्या मुलींना कौतुकाने शिकवायची.

अकरा वर्षांपूर्वी अवधी घडवणाऱ्या कंपनीचा माणूस आमच्या नोंदी न्यायला आला होता. राज्यात सर्वांत नीट नोंदी आमच्या, म्हणून पुढे सगळ्या केंद्रांनी आमचाच तक्ता उचलला. त्याने मला विचारलं होतं, हे विश्रांतीवाले कशात धरायचे? मूल झालं नाही, असं धरायचं का?

मी त्याला म्हणाले, "अहो, भलतंच काय बोलताय? ते परत येणार आहेत. चालू धरा."

त्याने चालू धरले. तो तरी काय करणार? बाई एवढ्या ठणकावून सांगतेय म्हटल्यावर.

आता याचा अर्थ नीट सांगते, कारण मलाही तो कळायला अकरा वर्षं लागली. समजा एसटी स्टँडवर तुम्ही मोजायला बसलात की जतची गाडी यायला किती वेळ लागतो. गाडीत चढणाऱ्याला तुम्ही विचारता, किती वेळ थांबलात? कोणी म्हणतो वीस मिनिटं, कोणी चाळीस. तुम्ही फळ्यावर लिहिता, जतची गाडी, चाळीस मिनिटं. पण थांबून थांबून जे चालत घरी गेले, त्यांना तुम्ही विचारलंच नाही. तुमच्या वहीत ते अजून स्टँडवरच उभे आहेत. अवधी तसंच करत होता. ज्यांना मूल झालं त्यांच्याकडून तो वेळ शिकला, आणि बाकीच्यांचा निकाल यायचाय म्हणून वाट बघत बसला.

मी फायली मोजल्या. चार हजार सहाशेपैकी दोन हजार नऊशे विश्रांतीत. मग माझ्यासारख्या काढल्या. तेच वय, तसंच रक्त, तोच आकडा. तीनशे एक्केचाळीस जणी निघाल्या. मूल झालेल्या अठ्ठावन्न. माझ्यासकट चालू असलेल्या अकरा. विश्रांतीत दोनशे बहात्तर.

आकडा खोटा नव्हता. तो फक्त अठ्ठावन्न जणींचा होता.

मी तशीच उठून मॅडमच्या खोलीत गेले आणि कागद त्यांच्यापुढे टाकले. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलंच नाही. मला तिथेच कळलं. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, दोन-तीन वर्षांपासून शंका होती. मग माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. पंधरा वर्षांत आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्या दिवशी चढवला. माझ्या हाताने मी एका पोरीला नाही म्हणाले, हेही बोलले.

त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "पद्मजा, सहातल्या एकीला होतं असं सांगितलं, तरी ही माणसं येतातच. मी तीस वर्षं बघतेय. फक्त आधी त्यांना झोप लागायची नाही. आकड्याने निदान झोप तरी लागते."

मी म्हटलं, मला ते सांगू नका, फायली बंद करा. तेव्हा त्या म्हणाल्या की बंद करायला माझी हरकत नाही, पण ज्याची त्याची फाईल ज्याच्या त्याच्या तोंडून बंद व्हायला हवी. संमतीचा कायदाही तेच सांगतो. फोन कर. हो म्हणतील त्यांची बंद कर.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? जे झालंय ते फक्त लिहायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी फोन लावायला बसले.

पहिला लावला कस्तुरी ऐवळे यांना. कवठे महांकाळच्या. सहा सायकली, नऊ वर्षांपूर्वी सोडलेलं. आता वय सत्तेचाळीस. मी कोण ते सांगितलं, चौकशी केली, आणि शक्य तितक्या हळू विचारलं की तुमची फाईल आता बंद केली तर चालेल ना? पलीकडून गिरणीचा आवाज येत होता. त्यांची पिठाची गिरणी आहे.

"राहू द्या की, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जागा लागते का त्याला? कुठंतरी आपलं चालू आहे, एवढंच वाटतं."

दुसरीने फोन कापला. तिसरीच्या नवऱ्याने उचलला आणि बायकोच्या कानावर घालू नका म्हणून हात जोडल्यासारखा बोलला. चौथी बाई, वय एक्कावन्न, उलट मलाच विचारायला लागली की नवीन काही निघालंय का, म्हणून फोन केलात का? पाचवी रडली. संध्याकाळपर्यंत अकरा फोन झाले आणि एकही फाईल बंद झाली नाही. मला त्यांचा असा राग आला म्हणता. एवढ्या शिकल्यासवरल्या बायका, डोळ्यांपुढचं दिसत नाही? तुमच्या या हट्टापायी उद्या कोणीतरी एखाद्या लेकराला नाही म्हणेल, असं ओरडावंसं वाटत होतं. यंत्राला शिकवायला माणसांनी आधी कबूल करायला हवं होतं, आणि एकही कबूल करत नव्हती.

एक फाईल मात्र माझ्या हातात होती. दोघांची सही लागते. फॉर्म छापून मी पर्समध्ये घातला आणि घरी गेले.

आमच्याकडे आक्कांमुळे जेवण दिवस मावळायच्या आत होतं. सुदर्शन साडेपाचला आला, पावणेसातला जेवून आक्का मंदिरात गेल्या आणि मी ताटं तशीच ठेवून त्याला सगळं सांगितलं. एसटी स्टँड, दोनशे बहात्तर, अकरा फोन. अकरा वर्षांपूर्वी 'चालू धरा' कोण म्हणालं, तेही. ते सांगताना मान वर करवली नाही. फॉर्म त्याच्यापुढे ठेवला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फॉर्म दोनदा वाचला. मग विचारलं, त्या अठ्ठावन्न जणींत उशिरा उशिरा मूल झालेली कोणी आहे का? मी म्हटलं, सहाव्या सायकलला झालेल्या चार. तो म्हणाला, मग चार आहेत ना. मी काही बोलायच्या आत तो उठला, कपाट उघडून चौकटींकडे पाठमोरा बघत उभा राहिला.

"ती आता तीन वर्षांची होईल," तो म्हणाला. "पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला."

तिची जन्मतारीख त्याने पाठ केली होती. मला वाटायचं, मी एकटीच मोजते आहे. आम्ही दोघं एका घरात अकरा महिने तेच मोजत होतो आणि एकमेकांना चुकूनही कळू दिलं नव्हतं. मी त्याच्याजवळ गेले. त्याचा चेहरा मला बघवेना. तो म्हणाला, आता जर सही केली, तर आपण तिला उगीचच नाही म्हणालो, असं होईल. एक भ्रूण आहे. तीन महिने आहेत. तेवढे होऊ दे.

मी त्याला समजावायला हवं होतं. मी दिवसभर अकरा जणांना समजावलं होतं, सगळे मुद्दे जिभेवर तयार होते. मी फॉर्म उचलला, चार घड्या केल्या आणि डब्यांच्या फडताळात मागे सारला.

"होऊ दे," मी म्हटलं.

बारावी मीच निघाले.

ट्रान्सफर पुढच्या महिन्यात झाली. पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो, तो मला दाखवला. सुदर्शनने माझा हात धरला होता. चौदा दिवस मी काय खाल्लं, कशी उठले, कशी बसले, ते सांगण्यात अर्थ नाही, या रांगेतल्या प्रत्येकीला ते पाठ असतं. चौदाव्या दिवशी रिपोर्ट माझ्याच टेबलावरच्या पडद्यावर आला, कारण सगळ्यांचे रिपोर्ट तिथेच येतात. शून्याच्या जवळचा आकडा. मी तो उघडला, मिटला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

सुदर्शनने उरलेल्या चौकटीही खोडल्या, ज्या त्या महिन्याला. एक्केचाळीसावी खोडल्यावर त्याने चिठ्ठी काढायचा प्रयत्न केला, पण डिंक पक्का होता, निम्मीच सुटली. आक्कांनी काही विचारलं नाही. आता त्या बारशाला एकट्या जातात. माझ्या फाईलवर मी माझ्या अक्षरात 'विश्रांती' लिहिलं आणि ती मागच्या कपाटात, दोनशे बहात्तर जणींच्या शेजारी ठेवली. अवधीची नवी आवृत्ती आली. तिला आमच्याकडून नवीन असं काहीच शिकायला मिळालं नाही.

परवा विट्याहून एक मुलगी आली होती, तेजल नाव, छत्तीस वर्षांची. नवरा गाडी लावायला गेला होता. मी तिची चिठ्ठी यंत्रातून काढली, वाचली आणि क्षणभर तिच्या हातात द्यायलाच विसरले. तीन वर्षं पाच महिने. तिच्या बाजूच्या खुर्चीवर ठेवलेल्या पिशवीतून दत्तक नोंदणीचे कागद डोकावत होते. ते मी ओळखते, त्या कागदाचा रंग वेगळा असतो.

तिने चिठ्ठी वाचली. तिचे खांदे इतके सैल झाले की मला बघवलं नाही. मग ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. हा आकडा खरा येतो का?"

मी तोंड उघडलं. एसटी स्टँड, अठ्ठावन्न, सगळं ओठांवर होतं. सांगणारच होते, शपथ. म्हणून सुरुवात माझ्यापासून केली.

"माझाही हाच होता," मी म्हटलं. "तीन वर्षं पाच महिने. ते पूर्ण झाले."

ती हसली. अख्खा चेहरा हसला तिचा. माझं पुढचं वाक्य ऐकायला ती थांबलीच नाही.

"मग? मुलगा की मुलगी?"

तेवढ्यात तिचा नवरा आत आला आणि तिने त्याला चिठ्ठी दाखवली. दोघंही माझ्याकडे बघत उभे राहिले.

"मुलगी," मी म्हटलं. "चौथं चालू आहे तिला."

तेजलने चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली. ते दुसरे कागद पिशवीत खाली दाबले, आणि पहिल्या इंजेक्शनची तारीख विचारली.